घरात एकच लॅपटॉप, त्यावर वडिलांचं टॅली. शेजारी लिनक्स टाकावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिप्लोमाचं दुसरं वर्ष, घरात एकच लॅपटॉप, विंडोज ११, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमची प्रॅक्टिकल्स उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, घेतात. वडील याच लॅपटॉपवर टॅली चालवतात आणि जीएसटीची रिटर्नं भरतात. तुम्ही विचारलंय, "उबुंटू शेजारी टाकलं तर विंडोज उडेल का, आणि त्याला जागा किती द्यावी?"

दोन्हींची सरळ उत्तरं आधी देतो. नीट केलं तर विंडोज उडत नाही. जागा ८० ते १०० जीबी द्या. २५ जीबीतही उबुंटू बसतं, पण कंपायलर, एडिटर, दोन-चार प्रोजेक्ट आणि वर्षभराची अपडेट्स आली की तेवढ्यात गुदमरतं.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजं सुरू झाली की "लिनक्स टाकायला गेलो आणि विंडोज चालूच होईना" म्हणणारी मुलं दरवर्षी येतात. त्यांतल्या बहुतेकांचं विंडोज जागच्या जागी शाबूत असतं. कुणाचा बूटचा क्रम, म्हणजे कुठली सिस्टिम आधी उघडायची तो क्रम, बदललेला असतो, कुणाकडे एन्क्रिप्शनची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की नसते, कुणी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काहीतरी फिरवलेलं असतं. खरोखर डेटा गमावलेले थोडे. त्यांनी इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' (अख्खी डिस्क पुसा) हा पर्याय न वाचता दाबलेला असतो.

पण तुमच्या बाबतीत मला काळजी वाटते ती वेगळीच. समजा विंडोज उडालं नाही, नुसतं दोन दिवस उघडलं नाही, आणि ते दोन दिवस नेमके रिटर्नच्या तारखेचे निघाले तर? स्वतःचा एकट्याचा लॅपटॉप असता तर मी म्हटलं असतं, बिनधास्त करा, बिघडलं तर त्यातूनच शिकाल. इथे दुसऱ्याच्या पोटापाण्याचं मशीन आहे. म्हणून इन्स्टॉलेशनपेक्षा परत फिरायची सोय काय, याचा विचार आधी करायचा.

त्याआधी एक गोष्ट तपासा: तुम्हाला ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम आणि सुरू करताना एकीची निवड, खरंच लागणार आहे का? शेल स्क्रिप्ट, सी प्रोग्रॅम, फोर्क, थ्रेड, सेमाफोर, शेड्यूलिंगची सिम्युलेशन्स, एवढंच प्रॅक्टिकलला असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) वापरा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडून एकच आज्ञा द्यायची, उबुंटू उतरतं, पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या भागांना, हातही लागत नाही. विंडोज ११ वर त्यात लिनक्सचे खिडक्यांचे प्रोग्रॅमही चालतात. ते उघडलं नाही तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असण्याची शक्यता जास्त, तेवढं सुरू करा. दुसऱ्या वर्षाच्या लॅबचा बराचसा भाग यात निघतो, असा माझा अनुभव आहे. शिक्षकांना विचारून घ्या, सबमिशनला चालतं का.

व्हर्च्युअलबॉक्सचा, म्हणजे विंडोजच्या आत दुसरा नकली संगणक चालवायचा, सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. ८ जीबीच्या मशीनवर विंडोज ११ स्वतःच निम्मी रॅम खातं, उरलेल्यातून दोन-तीन जीबी पाहुण्या लिनक्सला दिले की दोघंही उपाशी. चालतं, पण चालवायला कंटाळा येतो. रॅम १६ जीबी असती तर हा पर्याय मी वरच्या नंबरवर ठेवला असता.

ड्युअल बूट कशासाठी घ्यावं? कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) मॉड्यूल लिहायचे असतील, ड्रायव्हर, बूटची प्रक्रिया, पार्टिशन, ग्रब (सुरुवातीला सिस्टिम निवडायचा मेनू) हे सगळं हाताने करून पाहायचं असेल, किंवा लिनक्स रोजच्या वापराला आणायचं असेल, तर. आठ जीबीची सगळीच्या सगळी रॅम लिनक्सला मिळते, हाही फायदा मोठा आहे. जुन्या मशीनवर तर फरक लगेच जाणवतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालणारे बरेच लॅपटॉप आज याच कारणाने लिनक्सकडे वळताहेत. तुमचा त्यातला नाही.

ठरलंच असेल करायचं, तर पहिलं काम कॅलेंडर बघणं. दर महिन्याला भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) अकरा तारखेपर्यंत असतं आणि जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न) वीस तारखेपर्यंत. वडील तिमाही भरत असतील तर त्यांच्या तारखा वेगळ्या, त्यांनाच विचारा. वीस तारीख उलटली की चार-पाच दिवसांचा मोकळा पट्टा मिळतो, त्यात करा. रविवारी संध्याकाळी सुरू करू नका. अडलंच तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडं हवं.

दुसरं काम बॅकअप. टॅलीच्या आतूनच बॅकअप घ्या आणि शिवाय डेटाचा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. ती कॉपी शक्य असेल तर दुसऱ्या कुणाच्या संगणकावर उघडून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप मी मोजत नाही. डेस्कटॉपवर टाकलेली बिलांची पीडीएफं, ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड, फोटो, हे लोकांना नंतर आठवतं.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक व्हिडिओंत ते एका वाक्यात उरकलेलं असतं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर तुमच्या नकळत डिस्क एन्क्रिप्ट झालेली असू शकते. होम आवृत्तीतही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' दिसतंय का आणि ते चालू आहे का बघा. चालू असेल तर बायोसमधलं सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्रॅम सुरुवातीला चालू न देणारी सोय) किंवा बूटची साखळी बदलल्यावर विंडोज निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपलेली असते. पण ते अकाउंट कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानदाराने घाईत कुठल्या तरी ईमेलवर काढून दिलेलं अकाउंट, त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही, अशी मशीनं मी इतकी पाहिली आहेत की आता लॅपटॉप हातात घेतल्यावर मी हेच आधी विचारतो. की मिळाली नाही तर तो डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही, मीही नाही. म्हणून की आधी कागदावर उतरवा, फोनमध्ये फोटो काढा, मग पुढे चला.

एन्क्रिप्शन ठेवायचं की काढायचं? काढलं की इन्स्टॉलेशन सोपं होतं. ठेवलं तर लॅपटॉप चोरीला गेल्यावर हिशोबाचा डेटा सुरक्षित राहतो. व्यवसायाचं मशीन आहे, तर मी काम होईपर्यंत ते बंद करेन आणि सगळं स्थिरावल्यावर पुन्हा सुरू करेन. बंद करताना डिस्क डिक्रिप्ट व्हायला वेळ लागतो, चार्जर लावून शांतपणे होऊ द्या.

चौथं, फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या सेटिंगखाली ते असतं. हे चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची स्थिती डिस्कवर गोठवून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उघडता येतं. अशा अर्धवट झोपेतल्या सी ड्राइव्हवर लिनक्समधून काही लिहिलं तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. लिनक्स हे ओळखून सहसा ती ड्राइव्ह नुसती वाचण्यापुरती उघडतं, आणि मग मुलं विचारतात की फाइल सेव्ह का होत नाही. गंमत म्हणजे 'रीस्टार्ट' केलं तर विंडोज पूर्ण बंद होतं, 'शट डाउन' केलं तर होत नाही.

आता जागा मोकळी करणं. हे विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरकडून नको. विंडोजची फाइल सिस्टिम विंडोजनेच आवळलेली बरी. सी वर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम', आकडा एमबीत मागतात, १०० जीबीसाठी १०२४०० टाका. दुकानदाराने सी आणि डी असे भाग पाडून दिले असतील आणि डी रिकामी असेल तर डी आवळा, ते आणखी सोपं. कधी कधी सी वर दोनशे जीबी मोकळी असूनही विंडोज म्हणतं, फक्त दहा जीबी देऊ शकतो. कारण हायबरनेशनची फाइल, पेजफाइल किंवा सिस्टिम रिस्टोअरचा साठा डिस्कच्या मध्येच बसलेला असतो आणि तो हलवता येत नाही. हे तिन्ही तात्पुरते बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करा, मग पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोअर पुन्हा सुरू करा. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' म्हणून काळ्या पट्टीत दिसेल. तिला फॉरमॅट करू नका, तशीच सोडा.

पेन ड्राइव्ह ८ जीबीचा असला की पुरतो. उबुंटूची एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टची, आवृत्तीच घ्या. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. लिनक्स मिंट नवख्याला जास्त आवडतं, मलाही आवडतं, पण लॅबच्या मॅन्युअलमध्ये उबुंटू असेल तर तेच टाका. वर्गात पडद्यावर दिसतं ते घरी जसंच्या तसं दिसलं पाहिजे. आयएसओ (उबुंटूची इन्स्टॉलेशनची फाइल) रूफस या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर चढवा, पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट यूईएफआय.

मग लगेच इन्स्टॉल नाही. आधी 'ट्राय उबुंटू'. पेन ड्राइव्हवरूनच सुरू होतं, एसएसडीला हात लावत नाही. अर्धा तास वापरा. वाय-फाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, झाकण बंद करून उघडल्यावर जागं होणं. इथे जे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालेल असं धरू नका. फक्त वाय-फाय अडत असेल तर घाबरू नका, फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, नेट मिळतं, आणि नंतर ड्रायव्हर उतरवता येतो.

याच वेळी इन्स्टॉलरला एसएसडी दिसते का तेही बघून घ्या. काही इंटेलवाल्या लॅपटॉपवर बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी ही इंटेलची डिस्क हाताळायची पद्धत चालू असते आणि लिनक्सला डिस्कच सापडत नाही. यूट्यूबवर सांगतात, ती पद्धत बदलून एएचसीआय करा. विंडोजला तयारी करून न देता ते बदललं की विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं करून मग बदल करायचा, अशी पद्धत आहे आणि ती चालते. पण तुमच्या जागी मी असतो आणि इथे अडलो असतो, तर आतल्या डिस्कचा नाद सोडून बाहेरची एसएसडी घेतली असती. २५० जीबीची छोटी एसएसडी यूएसबी ३ ला लावली की तिच्यावर लिनक्स चांगलं पळतं. तेव्हाही बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) आतल्या डिस्कवर न जाता बाहेरच्याच डिस्कवर जातोय ना, हे शेवटच्या पडद्यावर वाचा.

इथवर आलात म्हणजे हातात पाच गोष्टी असल्या पाहिजेत: तपासलेला बॅकअप, कागदावरची रिकव्हरी की, बंद केलेलं फास्ट स्टार्टअप, काळी अनअलोकेटेड पट्टी आणि चालणारा पेन ड्राइव्ह. शिवाय विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्हही दुसऱ्या मोठ्या पेन ड्राइव्हवर करून ठेवला तर फारच उत्तम. यातलं काही नसेल तर थांबा.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन वीसेक मिनिटांचं काम आहे. चार्जर लावलेला हवा, बॅटरी भरलेली हवी, वीज कधीही जाते. पार्टिशनच्या पडद्यावर मॅन्युअल पर्याय घ्या, मोकळी जागा निवडा, एकच ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन करा आणि त्याला रूट, म्हणजे '/' हे ठिकाण, द्या. होमचं वेगळं पार्टिशन, स्वॅपचं (रॅम कमी पडली की लागणाऱ्या जागेचं) वेगळं पार्टिशन, हे आता नवख्याने करायची गरज नाही, स्वॅपची फाइल उबुंटू स्वतः करतं. १०० एमबीच्या आसपासचं, बूटच्या फाइलींचं एक ईएफआय पार्टिशन आधीपासून दिसेल. ते विंडोजचं आहे, तेच वापरायचं, त्याच्यासमोर फॉरमॅटची खूण नको. 'न्यू पार्टिशन टेबल' असं लिहिलेलं बटण कधीही दाबू नका. सिक्युअर बूट बंद करा असं बरेच जण सांगतात. उबुंटूला त्याची गरज नाही, त्याचा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो. फक्त एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला लावू शकतो आणि तसं झालं तर पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडून तो द्यायचा असतो. घाईत एंटर मारून पुढे गेलात तर ड्रायव्हर चालणार नाही आणि कारण लक्षात येणार नाही.

इन्स्टॉल झाल्यावर लॅपटॉप उघडला की ग्रबचा मेनू येईल आणि दहा सेकंदांनी उबुंटू सुरू होईल. बहुतेक मार्गदर्शनं इथे थांबतात. तुमच्या घरी मात्र सकाळी वडील लॅपटॉप उघडतील आणि त्यांना काळा पडदा दिसेल. म्हणून बायोसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवा, उबुंटू दुसरा. वडिलांसाठी काहीच बदललेलं नसेल. तुम्हाला लिनक्स हवं असेल तेव्हा सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबायचं: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. एसरवर एफ१२ आहे, पण तो मेनू आधी बायोसमध्ये सुरू करावा लागतो. यात आणखी एक फायदा आहे. एन्क्रिप्शन चालू असताना ग्रबमधून विंडोज उघडलं तर ते रिकव्हरी की मागू शकतं. थेट उघडलं तर हा प्रश्न येत नाही. उबुंटूच्या एखाद्या अपडेटनंतर तो स्वतःला पुन्हा पहिल्या नंबरवर नेऊ शकतो, तेवढं अधूनमधून बघत जा.

मग घड्याळ. लिनक्स वापरून झाल्यावर विंडोज साडेपाच तास मागे दिसेल. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं, आणि आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. इंटरनेट मिळाल्यावर विंडोज कधीतरी दुरुस्त करतं, पण तोवर पहाटे बिल केलं तर त्यावर आदल्या दिवशीची तारीख पडेल. लिनक्सला टाइमडेटसीटीएल या आज्ञेतून सांगा की हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव. ती एक इशारा देईल, दुर्लक्ष करा, भारतात उन्हाळी वेळेची भानगड नाही.

फाइली दोन्हीकडे लागणार असतील आणि डी ड्राइव्ह असेल तर त्या तिच्यावर ठेवा. लिनक्सला विंडोजची फाइल सिस्टिम वाचता-लिहिता येते, विंडोजला लिनक्सची आपणहून येत नाही. टॅलीचा फोल्डर लिनक्समधून उघडूच नका. टॅली आणि रिटर्नला लागणारं डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालवण्याच्या खटपटी आहेत, पण त्यांत पडू नका. ते काम विंडोजमध्येच राहू द्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइली लिनक्समध्ये गिचमिड दिसतील. युनिकोड मराठीला मात्र काही अडचण नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमधून जोडता येतो.

विंडोजचं अपडेट लिनक्स बिघडवतं, अशी ओरड तुम्ही ऐकाल. पूर्वी ती जास्त खरी होती, आता क्वचित. पण ऑगस्ट २०२४ मध्ये असं झालं होतं: सुरक्षेच्या एका अपडेटने जुने, धोकादायक बूटलोडर अडवले, आणि ड्युअल बूट मशीनं वगळायची होती तीही काही ठिकाणी त्यात सापडली. लिनक्स सुरू करताना 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येऊन मशीन बंद पडत होतं. अशा वेळी तात्पुरतं सिक्युअर बूट बंद करून लिनक्समध्ये शिरायचं आणि लिनक्स अपडेट करायचं. एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याआधी विंडोजमधून एन्क्रिप्शन सस्पेंड (तात्पुरतं स्थगित) करा. इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह म्हणूनच पुसू नका, कुठल्याही अडचणीत त्यावरून मशीन उघडता येतं आणि डेटा काढता येतो.

पुढे कधी लिनक्स काढून टाकावंसं वाटलं तर क्रम उलटा करू नका. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे याची खात्री करा, मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून फक्त तुमचं १०० जीबीचं पार्टिशन डिलीट करा आणि सी किंवा डी, जी आवळली होती ती 'एक्स्टेंड' करा. ईएफआय पार्टिशनला हात लावू नका. बूट मेनूत उबुंटूचं नाव काही काळ दिसत राहील, त्याने काही बिघडत नाही. क्रम न बदलता पार्टिशन उडवलं तर काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढंच लिहिलेलं येतं. तसं झालं तरी विंडोज आत शाबूतच असतं. लॅपटॉप बंद करा, बूट मेनूचं बटण दाबून विंडोज बूट मॅनेजर निवडा, आणि नंतर बायोसमध्ये जाऊन तोच पहिला करा.